गुरुवारची चाचणी

१४ जुलै १९९८
उत्तरेश्वर बैठकीत पुन्हा बोलला! सगळ्यांसमोर. "अहो मॅडम, आपल्या ऑफिसनं नावं नोंदवताना आपण चुकीचा पत्ता भरलात, म्हणून तीन कॉलेजांची मेल दोन दिवस बुडाली." खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. साहेब हसले - तेही झोंबलं.

हा माणूस बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानावरच्या खोलीत बसून अकरा संस्थांची इंटरनेटवरची नावं सांभाळतो. एका टेलिफोनवर! आणि मला शिकवतो.

१६ जुलै
अशी नावं सांभाळणाऱ्या प्रशासकांसाठी नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. बरं झालं.

"नावं सांभाळणाऱ्याकडे चोवीस तास चालू जोडणी हवी." मुदत तीन महिने. घ्या! दिवसातून दोनदा फोन लावून मेल उतरवणाऱ्यांनी आता घरी बसावं.

५ ऑक्टोबर
मेल्याला चोवीस तासांची लाईन मिळाली! तीन महिने टेलिफोन खात्यात खेटे घातले म्हणे. शेजारच्या टेबलावरची हेमा म्हणते, "सुनीती, पास कर ना त्याला. त्याचं घर चालतं त्यावर."

घर म्हणे! अजून चाचणी आहे. मी मेल पाठवणार, चार तासांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर अकराही नावं काढून घ्यायची. वार मी ठरवला - गुरुवार. पेठेत गुरुवारी दिवसभर वीज नसते. आमच्या कर्वेनगरलाही नसते, पण ऑफिसात जनरेटर आहे.

८ ऑक्टोबर
सकाळी अकरा वाजता त्याला मेल पाठवली. तीन वाजले, उत्तर नाही. दिवसभर कुणाचीच मेल नाही, शांतता. चहा फार छान लागला!

९ ऑक्टोबर
आला. दाढी वाढलेली. "मॅडम, ट्रकची बॅटरी लावून सकाळी आठपासून बसलो होतो. जागचा हललो नाही. आपली मेल पाच वाजून दहा मिनिटांनी आली. दोन मिनिटांत उत्तर दिलं."

म्हटलं, "वेळ आमच्या घड्याळाची धरतात." चष्मा पुसला आणि गेला. असंच सांगतात सगळे! अकराही नावं काढून घेतल्याचं पत्र टाइप करून ठेवलं.

१२ ऑक्टोबर
वायरमन साईनाथ सहज म्हणाला, "तुमच्या इंटरनेटच्या लाईनचा डबा मागच्या आठवड्यात जिन्याखाली हलवला नव्हं का? तिथं जनरेटर कुठं हाय? गुरुवारी पाचपर्यंत बंदच होता की."

सर्व्हरची नोंद उघडली. माझी मेल सहा तास आमच्याच इमारतीत पडून होती. पाच नऊला बाहेर पडली.

उत्तरेश्वर बॅटरीसमोर बसलेला दिसतो सारखा. जेवण गेलं नाही.

१३ ऑक्टोबर
नोंद पुसून टाकली. मग पत्र पोस्टात टाकून आले - मी स्वतः.