शेपटीकडची जागा

विहिरीवरून, शुक्रवार

प्रिय दादा,

तांबडी गाय आज सकाळीही उभी राहिली. आपल्या तळाचे मुखिया अर्दो जुल्दे यांनी स्वतः खात्री केली, कारण शेपटी त्यांनीच धरली होती. पोटाखालून दोन काठ्या, काठ्यांना चौघं, शिंगांपाशी मी आणि शेपटीला एक, असं ते सहा जणांचं काम आहे. उभी राहिल्यावर ती थोडा वेळ थरथरली, बाभळीच्या सावलीपर्यंत चालली आणि तिथे पुन्हा बसली. रेडिओवर बातम्या वाचून वाचून मला हीच सवय लागली आहे, आधी काय घडलं ते, मग कोण सांगतं ते. पत्रातही तसंच उतरतंय, चालवून घे.

रेडिओवाल्यांनी मला चार आठवड्यांची रजा दिली आहे, त्यातले दोन संपले. एप्रिलमध्ये तू आलास आणि मीही आठवडाभर आले होते, तेव्हा तू म्हणाला होतास की लोमेच्या समुद्राकाठी राहून इथलं ऊन कसं असतं तेच विसरलो. तेव्हाचं ऊन बरं म्हणायचं. आता दोर ओढणाऱ्या गाढवाला त्या वाकड्या झाडाच्याही पलीकडे चालत जावं लागतं, तेव्हा कुठे पोहरा वर येतो, आणि त्यात अर्धा चिखल असतो. तो तासभर निवळत ठेवायचा आणि वरचं पाणी प्यायचं. दुपारी पत्र्याच्या बादलीला हात लावता येत नाही. दूध तर कुठेच नाही. बाजरीची पेज नुसती पाण्यात खातो आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. तीनच्या सुमाराला लाल धुळीची वावटळ उठते, म्हणून पत्र सकाळी लिहितेय. कागदावर रेती दिसली तर झटकून टाक.

आपला धाकटा सांबो सगळा कळप घेऊन मार्चमध्येच दक्षिणेला गेला, हे तुला माहीत आहे. तळावरचे बहुतेक सगळे गेले. बाबांनी मात्र चालायचं नाकारलं, कारण तांबडी चालू शकत नव्हती. अर्दो त्यांना रोज टोचत होते, "म्हाताऱ्या, एका हाडकाच्या पिंजऱ्यासाठी तू इथे सुकत बसणार? दे तिला खाटकाला आणि चल." बाबा म्हणायचे, "ती माझी असती तर दिली असती. दुसऱ्याची गाय मी कशी देऊ?" कुणाची, ते मात्र सांगायचे नाहीत. अर्दो हसायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन पहिले हजर व्हायचे. त्यांचा स्वतःचा कळप तिकडे पोरांच्या हाती आहे आणि तेही इथे अडकून पडले आहेत, पण ते कधी बोलून दाखवत नाहीत.

दवाखान्याचा बुकर दोनदा आला. तो कानुरी आणि आपण फुलानी, दोन्ही जमातींत थट्टेचं जुनं नातं, त्यामुळे त्याची थट्टा आल्या पावलापासून सुरू होते. मोटरसायकलवरून उतरतानाच ओरडला, "कुठे आहेत माझे गुलाम? पेशंट कोण, गाय की म्हातारा? तुमच्यात दोघांचे चेहरे सारखेच असतात." बाबा झोपल्या जागेवरून म्हणाले, "तुझ्या आज्याला आम्ही ताक पाजून माणसात आणलं, म्हणून आज तुला सुई धरता येतेय." बुकर हसला. मग त्याने बाबांची छाती तपासली. बराच वेळ तपासली. नंतर त्याने थट्टा केली नाही. आपल्या लोकांची थट्टा करायचं कानुरी माणूस विसरतो, तेव्हा मला भीती वाटते.

हे तुला फोनवरच सांगणार होते. अर्दोंच्या जावयाच्या गाडीवर बसून चार वेळा टेकडीवर गेले, तिथे रेंज येते. तू उचलला नाहीस. का, ते मला ठाऊक आहे, म्हणून रागावले नाही.

तुझ्या भेटीचा तो पाचवा दिवस मी अनेकदा आठवते. पहाटे ती गाडी घेऊन तू बाजाराच्या गावी गेलास आणि दुपारी परत आलास, पाठीला पेटी बांधून. बर्फ होता. बर्फाच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेल्या माणसाने बापासाठी आणखी काय आणायचं? पेटी उघडली तेव्हा मुठीएवढा तुकडा उरला होता, बाकी गार पाणी. तू ते वाडग्यात ओतून बाबांच्या पुढे ठेवलंस. विहिरीवरची सगळी माणसं बघत होती. बाबांनी वाडगा उचलला, तुझ्याकडे न बघता तांबडीपाशी गेले आणि तिच्या तोंडाला लावला. तो तुकडासुद्धा तिच्या जिभेवर ठेवला.

तेव्हा तू ते बोललास. सगळ्यांच्या देखत. "गाईंची नावं दिवसभर घेता, बाबा. माझं एकदा घ्या." अर्दोंनी मान खाली घातली. बायका दोर तसाच सोडून उभ्या राहिल्या. लोमेमध्ये तू तुझ्या मुलीला दिवसातून शंभरदा नावाने हाका मारतोस, फोनवर मी ऐकल्या आहेत, चांगल्या वाटतात. पण आपल्यात पहिल्या लेकराचं नाव आईबाप तोंडातून काढत नाहीत, त्याच्याकडे सरळ बघत नाहीत, त्याचं कौतुक तर लांबच. तू हे विसरला नव्हतास. तुला वाटलं होतं, आता म्हातारपणी तरी सैल होतील. आई गेली तेव्हा शेवटपर्यंत तुला "तो" म्हणत होती, "तो जेवला का", "तो आला का". बाबा गाईच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसले. पंधरा दिवसांसाठी आलेला तू सहाव्या दिवशी निघालास. जाताना मला म्हणालास, "तक्को, मी गाय म्हणून जन्माला यायला हवं होतं." मी तेव्हा हसले.

दादा, मागच्या सोमवारी अर्दोंनी मला एक गोष्ट सांगितली. ती मला आधी ठाऊक असती तर तुला त्या ट्रकमध्ये चढू दिलं नसतं. तुझ्या बारशाला बाबांनी तुझ्या नावावर एक कालवड केली होती. तिची सगळी पिल्लावळ तुझी. तो वाईट दुष्काळ आला तेव्हा तुझ्या गाई एकामागून एक बसल्या त्या उठल्याच नाहीत, आणि आपलं इथे काही उरलं नाही म्हणून तू समुद्राकडे गेलास. पण एक वासरी वाचली होती. तू निघून गेल्यानंतर महिन्याने ती कुणाच्या तरी कळपात मिसळलेली सापडली. बाबा तीन दिवस चालत जाऊन तिला घेऊन आले आणि कुणाशी काही बोलले नाहीत; अर्दो सोबत होते, म्हणून त्यांना ठाऊक. तांबडी तिची नात. तुझ्या वंशाची ही शेवटची. अर्दो म्हणाले, "पोरी, बाप लेकाला पाणी पाजू शकत नाही. गाईला पाजू शकतो. तो वाडगा ज्याचा त्यालाच मिळाला."

मग मला बाकीचं उलगडलं. रोज सकाळी बाबांचा पहिला प्रश्न तोच असतो. ती उठली का? काही खाल्लं का? उन्हात तर नाही ना? सरकीची पेंड पाण्यात भिजवून ते तिला हाताने भरवायचे आणि स्वतःची पेज अर्धी टाकायचे. मला वाटायचं, म्हातारपणी गुराचं वेड लागलंय. उचलताना शेपटीची जागा त्यांची. सगळ्यात जास्त जोर तिथे लागतो आणि लाथही तिथेच बसते. दुसऱ्या कुणाला ती जागा ते देत नसत. गेल्या शनिवारपासून ते स्वतःच उठलेले नाहीत.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल भर दुपारी बाबांना ताप चढला. बुकर सुई भरत होता, अर्दो पायांशी बसले होते, मी ओला फडका बदलत होते, आणि पाण्याच्या पखाली घेऊन आलेल्या दोन बायका दाराशी टेकल्या होत्या. बाबा मोठ्याने म्हणाले, "गिदादो." मग पुन्हा, आणि तिसऱ्यांदा, कळपात मागे राहिलेल्याला हाक मारतात तसं लांबवून. तुझं नाव त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. अर्दोंनी फेट्याचं टोक डोळ्यांवर ओढून घेतलं. बायका उठून गेल्या. उतरत्या उन्हात बाबा शुद्धीवर आले आणि त्यांनी विचारलं, "मी काही बोललो का?" अर्दो म्हणाले, "पाणी मागितलंत." बाबांनी मान दाराकडे वळवली. मग म्हणाले, "ती उठली का?" तू आलास आणि कुणी विचारलं तर तूही हेच सांग, पाणी मागितलं होतं. पहिला पाऊस ते बघतील असं बुकर सांगत नाही, पण पुढच्याच्या पुढचा रविवार बघतील म्हणतो. आज दुपारी परत जाताना बुकर हे पत्र डाकोरोला बसच्या ड्रायव्हरकडे देईल, ते तुला मंगळवारी मिळावं. बुधवारी निघालास तर बाजाराच्या ट्रकने त्या रविवारी तू विहिरीवर असशील. बाबा तुझ्याकडे बघणार नाहीत आणि बोलणार नाहीत, तशी आशा धरून येऊ नकोस. अर्दो गुरुवारपर्यंत थांबतो म्हणालेत, मग त्यांना कळपाकडे जावंच लागेल. त्यानंतरचे दोन दिवस आम्ही पाच जणं कशीबशी तिला उभी करू. रविवारी शेपटीकडची जागा रिकामी असेल.

तुझीच,
तक्को