फि-ने-स्त्रा

महाल, नागपूर
८ जानेवारी २०२५

चि. सौ. हिमानी हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर सगळं बोलणं होत नाही, म्हणून पत्रच लिहिते. तुझे बाबा गेल्यापासून बोलायला भिंतीच उरल्या. सध्या भिंतींना इटालियन शिकवते आहे! अनिशला मराठी येत नाही, तर आजीनेच त्याची भाषा शिकावी. मोबाईलवरचा धडा सांगतो, शब्द तोडा आणि तुकड्यागणिक टाळी वाजवा. गात्तो म्हणजे मांजर, तोडलं की गात-तो. भजनाच्या सवयीने माझी पहिलीच टाळी जोरात पडते. काल खालच्या मजल्यावरच्या मनकर्णाबाईंनी विचारलं, काहून वं कौशल्या, भरदुपारी कोनाची आरती करून राहिली?

रविवारी व्हिडिओ कॉलवर अनिश पुन्हा सोफ्यामागे लपला. पाच वर्षांचा झाला, माझ्याशी अजून एक शब्द नाही. त्याला रागावू मात्र नकोस.

भिवापुरी तिखट संपलं असेल. कळव.

तुझी वाट पाहणारी,
आई

बोलोन्या, इटली
२६ जानेवारी २०२५

ती. आईस सा. न.

तिखट आहे अजून, चिमटीचिमटीने पुरवते. गंमत म्हणजे अनिशच्या शाळेतही हाच टाळ्यांचा धडा चालू आहे. पण आई, इथे जोर बहुतेकदा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर येतो. तुझं भजन इथे चालायचं नाही!

एक सांगायचं टाळत होते. या उन्हाळ्यातही आमचं येणं जमत नाही. रविवारचा फोन आहेच.

माया असू दे.
तुझी,
हिमानी

महाल, नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हिमानी हिस अनेक आशीर्वाद.

येणं जमत नाही, हे वाचलं. बरं.

काल तू उतू जाणारं दूध बघायला उठलीस, तेव्हाचं तुला ठाऊक नाही. फोन तसाच चालू होता. समोर रिकामा सोफा. मी आपली फिनेस्त्रा म्हणाले, म्हणजे खिडकी, आणि तीन टाळ्या वाजवल्या. तुझं सांगणं विसरून पहिलीच जोरात. तर सोफ्यामागून तीन टाळ्या आल्या, मधली मोठी! मी गडबडले, पुन्हा चुकले. तेव्हा त्याचं डोकं वर आलं आणि तो चिडून नो, नॉन्ना म्हणाला. मला त्याने पहिल्यांदाच आजी म्हणून हाक मारली गं. तुझी पावलं वाजली आणि तो पुन्हा सोफ्यामागे.

फोन ठेवल्यावर खिडकीशी बसून किती वेळ घोकत होते. आता मधल्या टाळीवरचा जोर अगदी नीट येतो मला.

हे त्याला सांगू नकोस. पुढच्या रविवारी मी पुन्हा चुकणार आहे.

दूध जरा सावकाश बघ.
तुझी,
आई