मेंदूचा पंप

लातूर, मंगळवार

अंजूताईला विरूपाक्षचा शरणार्थ.

ताई, आधी गुन्हा कबूल करतो, मग तब्येत विचारतो. तू नांदेडला तुझ्या दवाखान्यातून माझ्या दम्यासाठी दोन पंप दिले होतेस, निळा अन् तपकिरी. त्यातला तपकिरी मी भौतिकशास्त्राच्या शिकवणीतल्या अख्ख्या बॅचला पाजला. आता सांग, तुझी कंबर कशी हाय? दाजींना नमस्कार. (चिठ्ठी त्यांच्या हाती लागू देऊ नको.)

झालं असं. निळा ओढला की छाती लगेच मोकळी. तपकिरी रोज दोनदा ओढा, वर गुळण्या करा, अन् फरक काडीचा न्हाई. मला वाटलं, हा नुसता नावाला दिला. तेवढ्यात माझ्या खोलीतल्या शिवमूर्तीनं (उदगीरचा, घोकंपट्टीत पटाईत) बघितलं. "काय रं हे?" मी म्हणलो, "मेंदूचा पंप. पाठ केलेलं आत बसतं." गंमत केली, ताई! पण लातुरात अभ्यासाची गंमत कुणाला कळत न्हाई. इथं बोर्डात आलेल्या पोराचा जुना पेन देव्हाऱ्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी चाचणीआधी सहा जण दारात. एक झुरका दिला की माझा एक शर्ट धुवायचा, असा भाव. शिवमूर्तीचे अकरा मार्क वाढले अन् रांग पार नळापर्यंत गेली. दोन महिने मी साबणाला हात लावला न्हाई.

मग त्यातल्याच एकाची सर्दी मला लागली. नाक बंद, गाल ठणकून राहिले, खाली वाकलं की कपाळात दगड घरंगळल्यासारखं. सगळा शेंबूड घशात उतरायला लागला अन् छातीत शिट्ट्या. निळा आठवड्यातून एकदा लागायचा, तो तासातासाला लागायला लागला. माझ्या खोकल्यानं खोलीचे पत्रे वाजायचे. घरमालक शरणप्पामामा (भूकंप झाल्यापासून स्लॅबखाली झोपत न्हाईत, आम्हालाबी पत्र्यातच ठेवलंय) दोनदा घराचे कागद घेऊन अंगणात पळाले. तिसऱ्यांदा मात्र खोलीत आले. मला "मामा" एवढंबी धड बोलता येईना, तसं लुनावर घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं तोंडाला वाफेचा मास्क लावला अन् मग केली माझी हजामत. म्हणे नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांत पू झालाय, दमेकऱ्याचं नाक बिघडलं की छाती बिघडते, अन् आतली सूज दाबून ठेवणारा तर तपकिरीच. "तो कुठंय?" "संपला." "कुणी संपवला?" काय सांगू? भौतिकशास्त्रानं? आता नाकाचं औषध, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, अन् तपकिरी एक दिवस चुकवायचा न्हाई.

तुझा भाऊ,
विरूपाक्ष

ता. क. : तपकिरी पंप उद्याच्या एसटीनं पाठव. दोन पाठव. दुसरा आमच्या शिकवणीच्या सरांना पायजे. बघायला आले, मला वाटलं मोसंब्या आणल्या. तर दार लावून म्हणले, "आमच्या बारक्यासाठी एक मिळंल का?" मी खरं सांगितलं, सर, हे छातीचं औषध हाय. तर म्हणले, "सगळे हुशार असंच लपवतात." त्यांच्यासाठी कचऱ्यातला रिकामा चालंल, धुऊन पाठव.

ता. क. दुसरा : अप्पांना एकवेळ पंपाचं सांग, मार खाईन मी. पण ताई, श्वास आत जाईना तवा मी शरणप्पामामांचा हात धरून "अव्वा, अव्वा" म्हणत आईसाठी रडलो. हे कुणाला सांगू नको. अव्वाला तर बिलकुल न्हाई. पाया पडतो तुझ्या.