आमची कचेरी पळू लागली त्याची हकीकत

तीर्थरूप आत्यास,

कोपरापासून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण हे पत्र कचेरीत बसून लिहितो आहे, आणि टेबलाखाली वायरींचं असं जंगल आहे की आडवा झालेला माणूस पुन्हा उभा राहील याची खात्री नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिना चढू नका असं बजावल्यापासून तू माळा आवरायला काढला आहेस, असं ताईने कळवलं. आता ‘मुळीच बसू नका’ असं त्यांना सांगायला लावतो, म्हणजे तरी तू बसशील. मी बरा आहे. जेवतो, झोपतो, सर्दी गेली. पत्र टाइप केलं म्हणून रागावू नकोस. मागचं पत्र हाताने लिहिलं होतं, ते तू लाल पेनाने तपासून, खाली ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारून परत पाठवलंस. शाळेतून तू निवृत्त झालीस, पेन अजून कामावर आहे. ‘लग्नाचं काय?’ हा तुझा नेहमीचा प्रश्नही पोचला. त्याचं उत्तर शेवटी देतो, जागा उरली तर.

खरं म्हणजे हे पत्र तक्रारीचं आहे. तुझ्या जावयाने, म्हणजे आमच्या भावजींनी, आमच्या चांगल्या चालत्या कचेरीची पार वाट लावली. चांगली चालती म्हणजे हळू चालती. तुला ठाऊकच आहे, आम्ही इमारतींचे नकाशे काढतो. भिंती मी काढतो, नळ आणि गटारं नळवाले भाऊ काढतात, दिवे आणि बटणं वीजकाकू, आणि हे सगळं एकावर एक ठेवल्यावर इमारत उभी राहील की बसेल हे तपासायचं काम शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं. (त्यांच्याबद्दल पुढे येईल. विशेष काही नाही.) आमचे संगणक असे होते की सकाळी बटण दाबल्यावर त्यांना जाग येईपर्यंत माणसाची पुन्हा एक झोप व्हावी. म्हणून एक रीतच पडून गेली होती. जो पहिला येईल त्याने सगळ्यांची बटणं दाबायची, आणि मग सगळ्यांनी चहाचे कप घेऊन बसायचं. त्या वेळात आमच्याकडे काय झालं नाही ते विचार. रुसवेफुगवे निघाले, नव्याने झाले, पुन्हा निघाले. नळवाले भाऊंनी आपल्या मुलीच्या सासरच्या सगळ्या माणसांवर मतं दिली. वीजकाकूंनी अख्ख्या खानदानाचे स्वेटर विणले. पुढे दिवसभरात मोठा नकाशा उघडायचा म्हटला की पुन्हा तेवढीच उसंत मिळायची. काम होत नव्हतं असं मुळीच नाही, पण कामाच्या मध्ये मध्ये आम्ही माणसं होतो.

तर एक दिवस भावजी सहज मला भेटायला म्हणून आले, माझ्या संगणकाचा गोगलगायपणा बघून (संगणक दुरुस्तीचा धंदा ना त्यांचा) कळवळले आणि तडक साहेबांच्या खोलीत शिरले. जुन्या हार्ड डिस्कच्या पोटात तबकडी गरगर फिरत असते, एक काटा तिच्यावर धावत धावत माहिती शोधत असतो, म्हणून वेळ लागतो. नव्या एसएसडीत हलणारं काहीच नाही, म्हणून ती झटपट, असं त्यांनी समजावलं. साहेबांना ते पटेना. हलतो तो कामसू आणि बसतो तो आळशी, या एका तत्त्वावर त्यांनी आजवर कचेरी चालवली आहे. भावजींनी दाखवलेली ती चपटी वस्तू त्यांनी कानाशी धरली आणि कलिंगड घेताना मारतात तशी टिचकी मारून पाहिली. आतून काहीच उत्तर आलं नाही. तरी ‘सगळ्या मोठ्या कचेऱ्या हेच करताहेत’ असं भावजी म्हणाले, आणि ‘मोठ्या’ या शब्दावर साहेब विरघळले. सगळे संगणक बदलायचे ठरले, आणि कोपऱ्यातल्या कपाटातला तो सर्व्हरही, ज्यात आम्हा सगळ्यांचे नकाशे साठवलेले असतात.

नव्या डिस्क बसल्या त्या सकाळी काय झालं ते ऐक. भावजींनी सर्व्हर चालू केला आणि कचेरीभर भयाण शांतता पसरली. त्या जुन्या घरघरीची इतकी सवय झाली होती की थांबल्यावरच ती होती हे आम्हाला कळलं. साहेब खोलीतून धावत बाहेर आले, वीज गेली म्हणून ओरडले (त्यांच्या डोक्यावरच दिवा लागलेला होता), आणि वीजवाल्यांना फोन लावून त्यांनी चांगला दम भरला. नळवाले भाऊंनी एका मोठ्या रुग्णालयाचा नकाशा उघडायला घेतला आणि नेहमीप्रमाणे मान टाकली. मान छातीला टेकायच्या आत नकाशा उघडलासुद्धा. पण भाऊंचं अंग वर्षानुवर्षांच्या सवयीने झोपलं ते झोपलंच, बोट बटणावर तसंच राहिलं, आणि रुग्णालयाच्या तळमजल्यावर न्हाणीघरामागून न्हाणीघर उमटत गेलं. जुना संगणक असता तर एखाददुसरं उमटवून दमला असता. नव्या संगणकाने भाऊ जागे होईपर्यंत तळमजला भरून टाकला. रुग्णाला ठेवायला खोली उरली नाही, पण अंघोळीची मात्र चंगळ. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तो नकाशा तपासायला घेतला तेव्हा त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. (हसताना त्या चष्मा काढून हातात धरतात. सहज सांगितलं.)

वीजकाकूंचं दुःख निराळंच. नातवासाठी विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर अडकला आहे, आणि पोरगं काही काकूंच्या सवडीसाठी वाढायचं थांबत नाही. त्या आता चहा उभ्याने पितात आणि भावजींचं नाव काढलं की सुया परजतात. शिवाय आमची हक्काची थापही गेली. पूर्वी एखाद्या गिऱ्हाइकाने फोनवर नकाशा मागितला आणि तो काढलेलाच नसला, की ‘उघडतोय, उघडतोय, आमचं यंत्र जरा हळू आहे’ असं म्हणत आम्ही भिंती उभ्या करायचो. आता साहेबांनी जो भेटेल त्याला सांगून ठेवलं आहे की आमच्याकडे सगळं वाऱ्यासारखं पळतं. आपल्या खोलीत बसून रोज मोठ्यांदा म्हणतात, ‘बघा, बघा, काय पळतोय!’ त्यामुळे गिऱ्हाइकं आता फोन खाली ठेवतच नाहीत, कानाला लावून वाट बघत बसतात. परवा मी एकाचं स्वयंपाकघर घाईत काढलं आणि त्याला दारच ठेवलं नाही. ते कुणी पकडलं हे सांगायला नकोच.

तर आता त्या बाईंकडे येतो, कारण हकीकत पुरी करायची तर त्यांना वगळून चालत नाही. भावजी मागच्या वेळी जाताना म्हणाले, ‘एकच राहिलाय, तो सोमवारी उरकतो.’ कुणाचा ते उघडच आहे. आम्हा सगळ्यांचे पडदे बटण दाबताच उजळतात, त्यांचा मात्र काळाठिक्कर. चहा संपेपर्यंत हूं नाही की चूं नाही. अशा वेळी शेजारधर्म म्हणून मी खुर्ची सरकवून तिकडे बसतो. एकट्या माणसाने काळ्या पडद्याकडे बघत बसणं तब्येतीला बरं नव्हे. बोलणं म्हणशील तर किरकोळच. त्यांच्या वडिलांचं शेजाऱ्याशी एका झाडाच्या फांदीवरून जुंपलं आहे. झाड शेजाऱ्याचं, फांदी ह्यांच्या अंगणात. वडिलांनी फांदीवर टॉवेल वाळत घातला, शेजाऱ्याने टॉवेल आपल्या हद्दीत असल्याचं जाहीर केलं, असा एकेक प्रसंग मला रोज सकाळी ऐकायला मिळतो. सोमवारी डिस्क बदलली की पडदा लगेच उजळणार, बाई लगेच कामाला लागणार, आणि त्या टॉवेलचं पुढे काय झालं हे मला जन्मात कळणार नाही. माझा जीव टांगणीला लागला आहे तो फांदीपायी, एवढं ध्यानात घे.

तू म्हणशील, पडदा उजळला म्हणून काय झालं, तोंड तर आहे ना? तेही करून पाहिलं. परवा त्यांचं काम चालू असताना मुद्दाम उठून गेलो. मनात होतं ‘आज निळा रंग छान दिसतो’ असं म्हणायचं. तोंडातून निघालं, ‘जिन्याची रुंदी पुरेशी आहे ना?’ त्यांनी मोजून बघितली. पुरेशी होती. मी आभार मानून परत आलो. संगणक सुरू होत नाही तोवर मी चारचौघांसारखा बोलतो, आणि तो सुरू झाला की माझ्या तोंडून जिने आणि खिडक्याच बाहेर पडतात. गेल्या खेपेस भावजी आले तेव्हा त्यांना त्या टेबलाकडे फिरकूच द्यायचं नाही असा चंग बांधून मी त्यांना चहाला नेलं, मग दुसऱ्या चहाला, मग गच्चीवरची पाण्याची टाकी दाखवायला. त्यांनी ती टाकी फार मन लावून बघितली आणि सारखे गालातल्या गालात हसत होते. टाकीत हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण चहा पाजून सोमवार किती पुढे ढकलणार?

असो. तुझ्या त्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बघ जागाच उरली नाही. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, भावजींनाही नमस्कार (जेवढ्यास तेवढा), आणि तू कृपा करून माळ्यावरून खाली उतर.

तुझा,
भाचा

ता. क. वीजकाकू विचारतात, त्या एका बाहीच्या स्वेटरला दुसरी बाही विणून देणारं तुझ्या ओळखीत कुणी आहे का? रंग पोपटी. कृपा करून घाईने कळव.

आणखी एक ता. क. आत्या, फांदी गेली खड्ड्यात. मी खुर्ची घेऊन गेलो की त्या जराशा बाजूला सरकतात आणि ‘बसा’ म्हणतात, त्या एका शब्दासाठी मी हल्ली लवकर उठून दाढी करतो. मला त्या आवडतात. फार आवडतात. झालं एकदाचं लिहून. भावजी तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, तेव्हा त्यांना सांग की सोमवारी येऊ नका. त्या मापाची डिस्क मिळत नाही म्हणावं, नाहीतर पाठीत उसण भरली म्हणावं, काय वाटेल ते म्हणावं, पण मी धीर गोळा करेपर्यंत तेवढा एक संगणक हळू राहू दे. पत्र वाचून फाडून टाक. लाल पेन लावू नकोस.

यापुढचं पेनाने लिहिलेलं आहे ते मी लिहिते आहे, शेजारच्या टेबलावरची बाई. आत्यांना नमस्कार. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण हे आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आलं. प्रिंटर माझ्या टेबलाला लागून आहे, आणि तुमच्या भाच्याची जुनी सवय अजून गेलेली नाही: छापायला सोडायचं, कप विसळायला जायचं, वाटेत वीजकाकूंची चौकशी करायची, आणि मग रमतगमत कागद घ्यायला यायचं. आता सर्व्हर नवा आहे. ते कप घेऊन उठेपर्यंत पानं माझ्या कोपराशी येऊन पडलीसुद्धा. पहिल्या पानावर माझा चष्मा दिसला, मग राहवलं नाही.

माझी डिस्क तुमच्या जावयांनी सगळ्यांच्या आधी बदलली, चाचणी म्हणून. बटण दाबलं की माझा संगणक तयार असतो. मी फक्त पडदा बंद ठेवते, आणि ह्यांचा चहा संपला की लावते. जावयांना हे ठाऊक आहे, त्यांनी कुणाला सांगितलं नाही, फार भले गृहस्थ आहेत. फांदी कधीच तोडली. बाबा आणि शेजारी रोज एकत्र फिरायला जातात. टॉवेलचं सगळं मी सकाळी कचेरीत येताना रचते. आणि राहिलेला तो एक संगणक साहेबांचा आहे. ते रोज ‘काय पळतोय’ म्हणतात तो जुनाच आहे, पण हे त्यांना सांगायला कुणी धजत नाही. तेव्हा जावयांना सोमवारी खुशाल पाठवा.

आता हे आले आहेत. कागद आत अडकलाय असं समजून प्रिंटरचं झाकण उघडून वाकून बघताहेत, आणि मी नकाशा तपासते आहे असं दाखवून त्यांच्या शेजारीच हे लिहिते आहे. पाकीट पत्ता घालून त्यांच्या टेबलावर तयार आहे, जाताना मीच पेटीत टाकीन. यांना धीर गोळा करायला लागेल तेवढा वेळ घेऊ द्या, मला घाई नाही. पण बाबांशी बोलायला तुम्ही मात्र या रविवारीच या.