गाडी गडग्यावर गेली

७ एप्रिल, मंगळवार

गाडी गडग्यावर गेली! मीच चालवत होते.

सासूबाईंना उमरठहून, त्यांच्या माहेराहून, घेऊन येत होते. सगळा रस्ता नीट पार पडला. महाडला आलो. आमच्या दारातला चढ तर रोजचा. घर आलं म्हणून आईंनी सीटचा पट्टासुद्धा सोडला होता. मी हळूच पाय दाबला — गाडी एकदम मेल्यासारखी झाली. जरा आणखी दाबला, आणि तिने उडीच मारली! समोर कुंपणाचा दगडी गडगा. "आई गं!" एवढंच ऐकू आलं.

आईंचं मनगट मोडलं.

किशोर कारखान्यातून धावत आला. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबलास." विचारलं नाही. सांगितलं!

८ एप्रिल

आईंच्या हाताला प्लास्टर. "दर्शना, तू आता गाडीला हात लावायचा नाहीस," असं किशोर सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणाला. मी एसटीने पोलादपूरला, शाळेत.

१० एप्रिल

खरंच माझाच पाय? वर्गात टेबलाखाली उजवा पाय हलवून बघते. ब्रेक इथे, ॲक्सिलरेटर इथे. परवापर्यंत नक्की आठवत होतं. आता नाही आठवत.

११ एप्रिल, शनिवार

गाडी सुनीलच्या गॅरेजात. किशोर नको म्हणाला तरी गेले. सुनीलने स्कॅनर जोडला. "काय नाय ताई. एक पण फॉल्ट दाखवत नाय."

घरी येऊन आईंची माफी मागितली. "असू दे गो. हाड हाय, जुळंल." मग मात्र रडू आवरलं नाही.

१३ एप्रिल

एसटीत बसल्या बसल्या एकदम डोक्यात आलं! उडी मारायच्या आधी गाडी मेली होती. मी चुकून जोरात पाय दिला असता तर ती आधी मरेल कशाला? आणि इतक्या लांबून आल्यावर इंजिन तापलेलं होतं. सुनीलने तर थंड गाडी तपासली!

उतरल्या उतरल्या त्याला फोन केला. म्हणाला, "शनवारी या ताई. तापवून बघू."

१८ एप्रिल, शनिवार

काय लिहू! डोळ्यांदेखत बघितलं.

किशोरही बरोबर आला होता. सुनील नाते गावापर्यंत गाडी पिटाळून आला. बॉनेट उघडलं. इंजिन बंद, चावी मात्र चालू. एका चिमुकल्या सेन्सरच्या वायरींना मीटर लावला. पाय किती दाबलाय ते हा इंजिनला कळवतो म्हणे. थ्रॉटल पोझिशन सेन्सर. नावसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

"बसा ताई. एकदम हळू दाबा."

आकडा चढायला लागला. हळूहळू, सरळ. आणि अचानक शून्य! पुढच्याच क्षणी टुणकन वर! मी किंचाळलेच. माझा पाय तर तसाच हळूहळू जात होता!

"परत."

परत तेच. परत तेच!

"आतून झिजलाय," सुनील म्हणाला. "तापला की मधेच खोटं बोलतो. इंजिनला कळतंच नाय, पाय हाय का नाय. थंड असताना सापडला नाय मला."

काडेपेटीएवढी वस्तू! तिच्यापायी अकरा दिवस मी स्वतःचाच पाय वैरी मानत होते. किशोर मीटरकडेच बघत होता. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय त्याला.

१९ एप्रिल, रविवार

नवा सेन्सर बसला. किशोर एकटाच फिरवून आला. अंगणात उतरत म्हणाला, "मस्त झाली. कशेडी घाटाच्या चढाला आता अजिबात उडी मारत नाही."

"कशेडीला कधी मारली होती?"

त्याने वळून गाडीचं दार परत लावलं.

"किशोर?"

"शिमग्यात. ट्रकवर जाता जाता वाचलो. वाटलं, माझाच पाय चुकला... कुणाला सांगणार? लाज वाटली गं."

आई ओट्यावरच बसल्या होत्या. प्लास्टरचा हात छातीशी धरून उठल्या.

"उद्या डॉक्टरकडं मला दर्शना नेईल," म्हणाल्या. "तू नको."