टॉवेल कोणाकडे, याबद्दल

मी, धम्मरत्न साहेबराव सोनकांबळे, वय बावीस, चाकणला कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटी ऑपरेटर, सध्या म्हाळुंग्यात भाड्याच्या खोलीत एकटा, आईवडिलांचे घर निगडी, हे लिहून ठेवतो. कुणी सांगितलेले नाही, नशापाणी केलेले नाही, डोके ठिकाणावर आहे. माझी मैत्रीण उत्कर्षा हिच्या मते नाही, पण ती फिजिओथेरपी शिकते आहे, अजून डॉक्टर झालेली नाही, सबब तिचे मत इथे धरू नये.

येत्या रविवारी यात्रेच्या मैदानावर माझी आणि मालोजी पैलवानाची बॉक्सिंगची लढत आहे. तो कुस्तीतला, मी बॉक्सिंगमधला. वजनाने तो माझ्या दीडपट. आयोजकांनी आम्हा दोघांकडून हमीपत्र लिहून घेतले आहे की दुखापत किंवा मृत्यू झाल्यास जबाबदारी खेळाडूची. माझ्या मरणातली त्यांची बाजू त्यांनी लिहून घेतली, माझी बाजू मी लिहितो.

लढत कशी ठरली तेही नमूद करतो, नाहीतर लोक म्हणतील पोरगं रीलसाठी मेलं. यात्रेत उत्कर्षाला कुस्त्या दाखवायला नेले होते. मालोजी जोड मागत आखाड्यात फिरत होता. माझ्या टी-शर्टवरचे ग्लोव्हजचे चित्र बघून म्हणाला, "हे हवेत हातवारं करनारं पावनं कुठलं?" लोक हसले. उत्कर्षाही हसली, हे मुख्य. मी आखाड्यात उतरलो आणि त्याचा पुढे आलेला हात झटकायला म्हणून धरला. धरला आणि हलगी वाजली. तिथे हातात हात पडला की जोड लागते, म्हणजे लढत ठरते. मला काय माहीत? मी निगडीत सिमेंटवर वाढलेला. पंच म्हणाले, याला कुस्ती जमणार नाही, पैलवानालाच ग्लोव्हज घालू. तेव्हा माघार घेता आली असती. उत्कर्षा बघत होती, म्हणून घेतली नाही.

आता वाटणी.

बँकेत जे असेल ते आईला, म्हणजे चिमाबाईंना. तिने ते स्वतःवर उडवावे, भावकीच्या आहेरात घालू नये. पुढच्या शुक्रवारी बुद्धपौर्णिमा आहे. रविवारी काहीही होवो, आईने खीर चुकवू नये.

मोटरसायकल पप्पांना. ते कंपनीत पीएमपीच्या बसनेच जातील हे माहीत आहे, तरी त्यांनाच.

डिप्लोमाची पुस्तके आणि ड्रॉइंगचा ड्राफ्टर, ज्याला दुसऱ्या वर्षाच्या पुढे जायचे असेल त्याला. कॉलेज मी सोडले, कॉलेजने मला काढलेले नाही, हे नातेवाइकांनी एकदाचे लक्षात घ्यावे.

माझ्या नावाचा फ्लेक्स लावू नये. लावलाच तर गॉगलवाला फोटो नको.

ग्लोव्हज ज्योतीराम सरांना परत. मला बॉक्सिंग त्यांनी शिकवले. रविवारी ते माझ्या कोपऱ्यात बसणार नाहीत. म्हणाले, "वजन जुळत नाही, रिंगशेजारी डॉक्टर नाही, आणि चेहरा दिसावा म्हणून आयोजक डोक्याचं हेडगार्डही काढायला लावणार. मी तिथं बसलो तर उद्या कोणत्या तोंडानं पोरांना सांगू, हात वर ठेवा म्हणून?"

मी म्हणालो, "सर, जिल्हा स्पर्धेला सगळं होतं. डॉक्टर होता, वजनकाटा होता. बघायला कोण होतं? रिकाम्या खुर्च्या."

"खुर्च्या जीव घेत नाहीत, धम्मा."

सरांचे बरोबर असेल. पण रिकाम्या खुर्च्यांपुढे जिंकून एकटेच बसने घरी येणे काय असते, ते सरांना माहीत नाही.

आता टॉवेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. बॉक्सिंगमध्ये प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याचा एक माणूस असतो. आपला पोरगा आता सावरत नाही असे दिसले की तो टॉवेल आत टाकतो आणि लढत थांबते. लढणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही. माझ्यासारख्याला तर नाहीच.

उत्कर्षाला विचारले होते. पिंपळे सौदागरला, तिच्या बसस्टॉपवर. तिने आधी दहीभाताचा डबा माझ्या हातात दिला. "हलव. जोरात हलव." मी हलवला. "बाहेरून बघ, काही झालंय? आता उघड." आत सगळे झाकणाला चिकटले होते. "ग्लोव्हजने तुझी बोटं वाचतात. मेंदू असाच आपटतो."

"म्हणून तर म्हणतो, टॉवेल तू धर."

"मी धरला तर पहिल्या घंटेआधीच टाकीन."

"मग नको."

"मग मी पण नको," म्हणाली आणि बसमध्ये चढली. तेव्हापासून फोन उचलत नाही. तिचा डबा माझ्याकडे राहिला. धुऊन ठेवला आहे, तिला पोचवावा. माझ्या फोनमधले तिचे फोटो तिने स्वतः पुसावेत, दुसऱ्या कुणाला पुसायला देऊ नये. जास्त लिहीत नाही. लिहिले तर हे मृत्युपत्र राहणार नाही.

साक्षीदार दोन लागतात. माझ्या लाइनवरची पोरे ओडिशा-बिहारची, त्यांना हे वाचता यायचे नाही. खोलीला शेजार आहे, ओळख नाही. शेवटी मालोजीलाच फोन केला. एवढ्या मोठ्या गावात मला सहीला बोलवायला माणूस सापडला तो माझ्याशी लढणारा.

तो आला, खाली मांडी घालून बसला आणि ओठ हलवत सगळे वाचले. म्हणाला, "भावा, हमीपत्रावर मीबी सही केलीय. त्ये ग्लोव्हज घातलं की मला धड श्वास घ्याया जमत न्हाई. माझं कोन लिवनार?" मग विचारले, "तुज्या कोपऱ्यात कोन हाय?"

"कुणी नाही."

"कुस्तीत पाठ लागली की संपतं. ह्यात कवा संपतं ते मला कळत न्हाई. तुजा टॉवेल आला न्हाई, तर मी मारायचं थांबू कवा?"

मी त्याच्यापुढे पेन धरले. त्याने सही केली, पाणी प्यायला आणि गेला.

दुसऱ्या सहीसाठी आज निगडीला गेलो. मी घर सोडल्यापासून पप्पा माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनी चष्मा लावून हे पहिल्यापासून वाचले.

"आमच्या कंपनीतल्या प्रेसला सेन्सर आहे. हात आत असला की प्रेस खाली येत नाही. तुझ्या रिंगला काय आहे?"

"टॉवेल."

"कुणाकडं?"

"कुणी घेत नाही."

"मग मी घेतो."

"पप्पा, तुम्हाला बॉक्सिंग कळत नाही."

"नाही कळत. म्हणून लवकर टाकणार."

"लोक हसतील."

"हसू दे की लेका. हसून लोक घरी जातेत. आपल्याला बी घरीच जायचंय."

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणायला तोंड उघडले, तेवढ्यात आईने ताट वाढले. निघताना मी कागद पुढे केला. त्यांनी तो घडी घालून माझ्या खिशात परत ठेवला आणि विचारले, "रविवारी किती वाजता निघायचं?"

म्हणून पुढीलप्रमाणे नोंदवतो. टॉवेल साहेबराव सोनकांबळे यांच्याकडे राहील. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नाही, रविवारपासून लागू. त्यांनी तो कधीही टाकावा. माझी तक्रार राहणार नाही. राहिली तर मी ती घरी येऊन करीन.

लिहून ठेवणार: धम्मरत्न साहेबराव सोनकांबळे (सही)

साक्षीदार पहिला: मालोजी पैलवान (सही)

साक्षीदार दुसरा: साहेबराव सोनकांबळे. वाचले. सही करण्यास नकार. एका सहीवर हे मृत्युपत्र कायद्याने पुरे होत नाही, याची मला कल्पना आहे. दुसरा साक्षीदार शोधणार नाही.

ठिकाण: निगडी बसस्टँड
दिनांक: २३ एप्रिल २०२६