आईचा खडक

कुस्को, ४ ऑगस्ट १९९८

चि. रुफिनो यास,

आशीर्वाद. आई म्हणाली म्हणून हे पत्र लिहितेय, माझ्या हातून निघत नव्हतं.

परवा तू गावात येऊन गेलास म्हणे! लिमाहून पाहुण्यांची टोळी घेऊन टेकडीवर चढलास, आणि आईच्या हातचं वाटीभर सूप प्यायला खाली उतरवलं नाही तुला? पाववाल्या तेओडोराबाईंनी पाहिलं, म्हणून कळलं तरी.

पण ते राहू दे. निवडुंगामागचा आपला खडक तू त्यांना दाखवलास? वर झाडूनही काढलास? ऑगस्टात धरणीमातेचं तोंड उघडं असतं, तिला भूक लागते, हे आता मी तुला शिकवायचं? एक तारखेला आईने तिथे कोकाची पानं, कळपातल्या लामाची चरबी, मका, मिठाई सगळं बांधून जाळलं. त्या राखेला माणसाने हात लावायचा नसतो, वाऱ्यानेच न्यायची ती. काल आई मक्याची आंबवलेली चिचा शिंपडायला गेली, तर खडक लख्ख! अरे नालायका, आईच्या नैवेद्याचा केर केलास तू. ती तिथेच बसून राहिली, घरी येईना.

तुझी ताई,
हसिंता

लिमा, ११ ऑगस्ट

ती. हसिंताताईस,
सा. न. वि. वि.

ताई, जरा दमाने घे. पाहुण्यांना वास येत होता, बायका नाक दाबत होत्या. राख मी ओळखली, खोटं कशाला बोलू? पण हे माझ्या आईने केलंय असं त्यांच्यासमोर सांगायची लाज वाटली.

चौक आणि चर्च काय, सगळेच दाखवतात. कुणाला ठाऊक नसलेलं कुस्को दाखवतो, म्हणून तर माझं नाव झालंय. त्या खडकाला मी 'इंकाचं विसरलेलं सिंहासन' म्हणतो. लोक वेडे होतात! सरकारी माणसंही बघून गेली. कुंपण घालणार आहेत, चांगली जपणूक होईल. आईला सांग.

राग सोडावा, लोभ धरावा.

रुफिनो

कुस्को, १८ ऑगस्ट

रुफिनो,

आज आशीर्वाद नाही.

सिंहासन म्हणे! त्यावरून घसरगुंडी खेळून आपल्या चड्ड्या फाटल्या. आणि विसरलं कोण होतं रे? आई? की तिची आई?

कुंपण आलं. दाराशी पहारेकरी बसवलाय, आपल्याच गल्लीतल्या सेनोबियोचा जावई. आईला म्हणाला, तिकीट काढा, आणि आत काडी ओढायची नाही, पुरातन वास्तू आहे. आई म्हणाली, मेल्या, तुझ्या जन्माआधीपासून मी धरणीला इथे जेवू घालतेय. त्याने मान खाली घातली, पण कुलूप काही काढलं नाही.

अर्धा ऑगस्ट सरला. आईने धड दोन घास खाल्लेले नाहीत. धरणीला उपाशी ठेवून मी कशी जेवू, म्हणते. कर आता काय करायचं ते, मोठा नाव कमावलेला!

हसिंता

लिमा, २३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चुकलं माझं. त्या सरकारी साहेबांच्या हातापाया पडून आईसाठी जन्मभराचा फुकट पास मिळवलाय. जाळायला मात्र परवानगी नाही म्हणतात. दुसरी जागा हवी असेल तर कुस्कोचा कोपरा न् कोपरा मला पाठ आहे, मी शोधून देतो. एकतीसला येतोय. चरबी, कोका सगळं मी आणेन. आईला म्हणावं, रागावू नकोस, आधी जेव.

तुझा,
रुफिनो

कुस्को, २७ ऑगस्ट

चि. रुफिनो यास,

आशीर्वाद. आईचे आहेत, थोडे माझेही धर.

बसवाल्याच्या हाती चिठ्ठी देतेय, निघण्याआधी मिळावी. जागा शोधायचे कष्ट घेऊ नकोस. आईला मिळाली. काल ती मला घेऊन गेली. नैवेद्य छान जळला, आणि घरी येऊन आई दोन वाट्या सूप प्याली.

तुझा पास तुझ्यापाशीच ठेव.

एकतीसला तू येशील तेव्हा आम्ही दोघी चिचा शिंपडायला गेलेल्या असू. आई म्हणाली, माझं लेकरू आहे, त्याला पोटभर वाढ, ऊबदार पांघरूण दे. जागा मात्र सांगू नकोस.

सूप चुलीवर असेल, वाढून घे. आम्ही परत येईपर्यंत घरातच थांब. आमच्या मागावर येऊ नकोस.

तुझी ताई,
हसिंता